कमानीच्या खोक्यातले आबा

हौदाच्या तालमीची कागदपत्रं विद्यापीठात गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर आंदण म्हणून अनुजाही गेली.

तसं कुणी ठरवलं नव्हतं. दोन हजार चार सालचा मे महिना. दहावीची परीक्षा संपलेली, निकाल लांब, आणि अनुजाच्या अंगात इतका उत्साह साठलेला की तो कुठे ठेवावा हे घरच्यांना कळेना. अशात एक दिवस ती आबांचा डबा द्यायला तालमीत गेली, तर तिथे विद्यापीठातल्या दीप्ती मॅडम बसलेल्या.

"तुमच्या तालमीचे, फुटबॉल टीमचे जुने कागद आम्हाला द्या," मॅडम सांगत होत्या. "पत्रं, पावत्या, हँडबिलं, फोटो, असेल ते. आम्ही ते साफ करून, नीट लावून, कायमचे सांभाळू. उद्या कुणाला कोल्हापूरच्या फुटबॉलवर लिहायचं असेल तर त्यानं बघायचं कुठे?"

"त्यानं ग्राउंडवर यून बघायचं!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि सगळी तालीम खो खो हसली.

अनुजा हसली नाही. "आबा, देऊया की!" ती दारातूनच ओरडली. "आपली टीम पुस्तकात जाईल की ओ! हितं ट्रंकेत नुसती झुरळंच वाचालीत ती कागदं."

आबा म्हणजे गणपतराव, हौदाच्या तालमीचे जुने सेक्रेटरी आणि त्याहून जुने फॉरवर्ड. सगळ्या पेठेला दम देणारा हा माणूस नातीपुढे मात्र लोण्याचा गोळा. ट्रंक निघाली. आता ती विद्यापीठाच्या टेकडीवर सुखरूप पोचते की नाही हे बघायला कोण जाणार? "मी जातो की!" अनुजा म्हणाली, आणि गेली ती रोजच जायला लागली. सकाळची केएमटीची बस पकडायची, वाटेत एखादा मोर रस्ता अडवून उभा असला तर त्याला "सरक की बाबा" म्हणायचं, आणि ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या थंडगार खोलीत शिरायचं. दारावर पाटी होती, 'अभिलेखागार'. पहिल्यांदा वाचताना तिच्या जिभेला गाठ पडली होती. आठवड्याभरात ती बसच्या कंडक्टरला ऐटीत सांगायला लागली, "अभिलेखागारात असतो मी. जुन्या कागदांचं काम बघतो."

काम म्हणजे तरी काय? मऊ ब्रशनं धूळ झाडायची, गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढून डबीत टाकायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे आणि कागद त्या खास खोक्यांत ठेवायचे. लिहायचं ते फक्त पेन्सिलीनं. पेन खिशात दिसलं तरी मॅडमचे डोळे मोठे व्हायचे.

आणि एक नियम होता. ज्याच्या घरून जे आलं ते त्याच्याच खोक्यात राहणार, आणि ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं राहणार. "आपण मधे पडून सोयरिकी जुळवायच्या नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि उचगावच्या बौद्ध मंडळाचं खोकं त्यांनी उघडून दाखवलं. त्यांचे वडील त्या मंडळाचे कार्यकर्ते. खोक्यात वंदनेच्या पुस्तिकांच्या मधोमध म्हशीच्या औषधाची एक चिठ्ठी होती.

"ही हितं कशाला?" अनुजानं विचारलं.

"मंडळाचे अध्यक्ष बैठकीतून उठून म्हशीकडे पळत असतील म्हणून. आता ही चिठ्ठी उचलून मी जनावरांच्या कागदांत घातली, तर अध्यक्षांची ती धावपळ कुणाला कळेल?"

अनुजानं जोरात मान डोलावली. नियम तिला अगदी पटला. म्हशीपुरता.

इकडे पेठेत बातमी फुटली होती. हौदाची तालीम आणि कमानीची तालीम यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे आणि भलंमोठं वैर आहे. हौदवाले हिरव्या जर्सीचे, कमानवाले तांबड्या. दोघांची मॅच असली की हौदवाल्यांच्या घरात तांबडा रस्सा शिजत नाही, पांढऱ्यावरच भागवतात. मग पावणा कितीही रुसो. असल्या हौदवाल्यांची कागदं विद्यापीठात गेली म्हटल्यावर कमानवाले गप्प बसतील होय? कमानीचे आकारामतात्या टेम्पोच घेऊन टेकडीवर आले.

"त्यांचं इतिहासात जाणार आन् आमचं काय रद्दीत?" दारातूनच त्यांचा आवाज घुमला. "घ्या उतरून! पण म्याडम, दानपत्रावर सही आत्ता न्हाय करणार. चार आठवडं ठेवतो, मग यून तपासणार. एक जरी कागद हिकडचा तिकडं झालेला दिसला, तर टेम्पो परत बोलावून सगळं घेऊन जाणार. आन् आमची खोकी त्यांच्या खालच्या फळीवर ठेवायची न्हाईत."

"वरच्याही ठेवणार नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांनी दोन्ही तालमींना एकाच फळीवर जागा दिली आणि मधे उचगावची खोकी सरकवली. "भांडणात मधे एक शांत माणूस असलेला बरा."

तात्या गेल्यावर मॅडमनी त्या गाठोड्यांवरून हात फिरवला. एखादीनं नव्या साडीवरून फिरवावा तसा. "किती वर्षं मागे लागले होते मी यांच्या," त्या म्हणाल्या. "अनुजा, दोन्ही तालमींचे कागद एका खोलीत! असं कुठेच नाही. फक्त तात्यांची सही व्हायला हवी."

मग अनुजा कमानीच्या कागदांना लागली. सुरुवातीला नाक मुरडूनच. पण ती कागदं अशी काही गमतीची निघाली की तिचं मुरडलेलं नाक आपोआप सरळ झालं. गोलपोस्टची जाळी कुणाच्या तरी परसात कोंबड्या कोंडायला वापरली म्हणून केलेली तक्रार होती. बूट फाटल्यामुळे अनवाणी खेळायची परवानगी मागणारा अर्ज होता. सगळीकडे आकारामतात्यांचं गोल गोल, एकमेकांना धक्के मारत पळणारं अक्षर. ती एकटीच हसायची आणि दाराशी पेपर वाचत बसलेले शिपाई जोतीराममामा म्हणायचे, "हळू हस बाई, कागद उडतील."

एकदा मॅडम पुण्याला बैठकीला गेल्या होत्या. अनुजानं कमानीच्या एका गठ्ठ्यातली टाचणी काढली, आणि तिच्या हातात एक फोटो आला.

पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. अकरा पोरं, ओळीत. जर्सीचा रंग फोटोत काळा दिसत होता, पण छातीवरचा हौद स्वच्छ ओळखू येत होता. आणि मधोमध, मांडीवर बॉल घेऊन, तेल लावून चापून भांग पाडलेला, नुकती मिशी फुटलेला तो पोरगा...

"आबा!" अनुजा इतक्या मोठ्यानं ओरडली की जोतीराममामांच्या हातातला पेपर पडला.

बासष्ट सालची टीम! हिचा एकुलता एक फोटो तालमीत होता, तो पुराच्या पाण्यात गेला, असं आबा दर पावसाळ्यात हळहळून सांगायचे. आणि हा बघा, आहे की! पण कुठे? कमानवाल्यांच्या गठ्ठ्यात! अनुजाचं डोकं तापलं. चोरलेला दिसतोय. दुसरं काय? आबांना या लोकांनी इतकी वर्षं कोंडून ठेवलं. मॅडमचा नियम तिला आठवला, नाही असं नाही. पण म्हशीची चिठ्ठी वेगळी आणि आबा वेगळे. तिनं तो फोटो उचलला, सरळ हौदाच्या खोक्यात नेला आणि बक्षीस समारंभाच्या कागदांजवळ, अगदी मानाच्या जागी ठेवला. घरचा माणूस घरी आला.

संध्याकाळी तिनं आबांना सांगितलं. आबांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "मिशी हाय काय त्यात?"

"हाय की. कवळी हाय."

"येतो मी बघायला."

मॅडम परत आल्या आणि त्यांनी विचारलं, "सगळं जागच्या जागी आहे ना? उद्या तात्या तपासायला येतायत."

"एकदम जागच्या जागी!" अनुजा म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मते आता कुठे सगळं जागच्या जागी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी सारखी करत तिच्याबरोबर बसमध्ये चढले. खोलीत शिरतात तो समोर टेबलाशी आकारामतात्या.

"काय गा गणप्या," तात्या म्हणाले, "हितंबी आलास व्हय माझ्या मागं?"

"तुझ्या मागं कोण येतंय, आक्या? तू कधी पुढं पळालायस?"

"इथे हळू बोलायचं," मॅडम म्हणाल्या. दोन्ही म्हातारे वर्गातल्या पोरांसारखे गप्प झाले.

तात्यांनी चष्मा लावला आणि आपले गठ्ठे बघायला सुरुवात केली. केळीचं पान उलटावं तसा अलगद ते एकेक कागद उलटत होते. चेहरा खुलत चालला होता. कोंबड्यांची तक्रार वाचून तर ते स्वतःशीच हसले. "झ्याक ठेवलंय," ते म्हणाले. मॅडमनी दानपत्राचा कागद टेबलावर पुढे सरकवला. आणि तेवढ्यात तात्यांचा हात थांबला. त्यांनी दोन पानं मागे उलटली. दोन पुढे.

"हितला फोटो कुठाय?"

अनुजानं हौदाच्या खोक्याकडे बघितलं.

"कुठला फोटो, तात्या?" मॅडमनी विचारलं.

"हौदवाल्यांच्या टीमचा. मी माझ्या हातानं ठेवलाय त्यो. म्याडम, आपलं ठरलं हुतं काय? एक कागद जरी हलला तरी." त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "फोन कुठाय तुमचा? टेम्पोवाल्याला बोलवतो."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या उठल्या, शेजारचा गठ्ठा उघडला, मग दुसरा. मग चक्क गुडघे टेकून फळीच्या खाली बघायला लागल्या. आबांनी अनुजाच्या दंडाला हळूच चिमटा काढला. "गप बस," ते पुटपुटले. "आपलाच हाय त्यो फोटो. जाऊ दे की टेम्पो."

जाऊ दे की! कमान गेली तर हौद एकटाच राहील इतिहासात, आणि वर आबांचा फोटो. याहून मोठा विजय कुठला? पण अनुजाला ती कोंबड्यांची तक्रार आठवली. अनवाणी खेळायचा तो अर्ज आठवला. ते सगळं परत कुठल्यातरी माळ्यावर झुरळांच्या तोंडी जाणार. आणि समोर मॅडम, स्वच्छ इस्त्रीच्या साडीत, फरशीवर गुडघे टेकून, अनुजानंच हलवलेला फोटो हुडकत होत्या.

"मी काढला," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. "मॅडम, उठा. खाली न्हाय त्यो. मी काढून हौदाच्या खोक्यात ठेवलाय."

"बघा! बघा!" तात्या ताडकन उठले. "हौदाची औलाद! हिला कुणी घेतली हितं?"

"ए आक्या, पोरीला बोलायचं काम न्हाय!" आबाही उठले. "आमचा फोटो आमच्यात आणला तिनं. तुझ्यात कसा आलता त्यो, ते सांग आधी!"

"इकत घेतलाय, फोटोवाल्याकडनं! रोख!"

मॅडमनी कुणाकडेच लक्ष दिलं नाही. त्या अनुजासमोर आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कुठून काढलास?"

"ह्या गठ्ठ्यातनं."

"गठ्ठ्यात कुठून? कुठल्या कागदाजवळून?"

अनुजानं गठ्ठ्याची दोन-चार पानं चाळली. तिला आठवतच नव्हतं. त्या वेळी तिला फक्त आबा दिसले होते. आजूबाजूचं काही दिसलंच नव्हतं. तात्यांनाही नक्की सांगता येईना. "ह्याच्याच आसपास कुठंतरी," एवढंच ते म्हणाले. गठ्ठा चांगला जाडजूड होता.

तिनं हौदाच्या खोक्यातून फोटो आणला. मान खाली घालून बघत राहिली, आणि बघता बघता तिला फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन तांबूस रेघा दिसल्या. टाचणीचा गंज! टाचणी तिनंच काढली होती की. म्हणजे फोटो कशाला तरी टाचलेला होता. आणि जशी खूण इथे, तशीच तिथे असणार!

"थांबा, थांबा, थांबा!" ती म्हणाली आणि टेबलावर वाकली. एकेक कागद, डावा वरचा कोपरा. हा स्वच्छ. हा पण. ह्याला गंज आहे, पण खूण लांब. पुढे. पुढे. म्हातारे भांडायचे थांबून तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले होते. आणि मग एका रेघांच्या कागदावर त्याच दोन तांबूस रेघा. तिनं फोटो त्यावर ठेवला. गंजावर गंज चपखल बसला.

"सापडलं!" तिनं कागद उजेडात धरला. तात्यांच्या धक्काबुक्की करणाऱ्या अक्षरात आकडे घातलेले होते. आणि फोटोत प्रत्येक पोराच्या डोक्यावर बारीकसा शाईचा ठिपका, नव्हे, आकडाच. तिला आधी तो डाग वाटला होता.

"मोठ्यानं वाच," मॅडम म्हणाल्या.

"एक नंबर. गोलकीपर. उंच बॉलला भितो." अनुजा वाचायला लागली. "चार नंबर. ह्याला चिडवायचं, मग खेळ विसरतो. सात नंबर..." सात नंबर मधोमध बसला होता, मांडीवर बॉल घेऊन. "सात नंबर. गणप्या. ह्याला एकट्याला सोडायचं न्हाय. दोघांनी धरायचा. उजव्या पायाला बॉल लागू द्यायचा न्हाय, लागला की गोल समजा. डावा पाय नुसता चप्पल घालायला हाय."

 मग मॅडमना हसू आवरेना. जोतीराममामा दाराआड गेले.

"कोण म्हणतंय?" आबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "डावा पाय चप्पल घालायला? हां? हे बघ!" आणि त्यांनी अभिलेखागाराच्या मधोमध डाव्या पायानं अशी काही लाथ हाणली की चप्पल सुटली, भिर्रर्र गेली आणि थेट उचगावच्या मंडळाच्या खोक्यावर जाऊन बसली.

"गोल न्हाय!" तात्या ओरडले. "बारच्या वरनं गेला!"

मॅडमनी चप्पल उतरवून आबांच्या हातात दिली आणि सगळ्यांना खाली बसवलं. "आता ऐका," त्या म्हणाल्या. "हा फोटो हौदाच्या खोक्यात राहिला असता तर ती नुसती अकरा पोरं. इथे, या कागदाजवळ राहिला तर कळतं, की कमानवाले तो समोर ठेवून एकेका गड्याचा अभ्यास करत होते. सात नंबरला तर दोन माणसं लागत होती."

आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडत गेलं. "म्हंजे," ते म्हणाले, "ह्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय, की मला भीत हुते?"

"भीत न्हवतो!" तात्या म्हणाले. "अभ्यास करत हुतो. म्याडमच म्हणाल्या."

"तसंच ऱ्हाऊ द्या म्याडम! काय हलवू नका!" आबांनी मांडीवर थाप मारली. मग एकदम त्यांना सुचलं. "पण मग आमच्या खोक्यात काय?"

"तुमच्या खोक्यात एक चिठ्ठी. बासष्ट सालच्या संघाचा फोटो कमानीच्या कागदांत आहे, तिकडे पाहावा."

"आं? म्हंजे माझा फोटो बघायला माणसानं कमानवाल्यांच्या खोक्यात जायाचं?"

"हो."

आकारामतात्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "म्याडम, हे कायमचं? मी गेल्यावरबी? गणप्या बघायचा असंल, तर त्याच्या पोराबाळांनीबी आमच्याच दारात यायचं?"

"कायमचं, तात्या."

"कुठं करायची सही?"

त्यांनी सही केली. आणि खिशातलं पेन त्यांनी काढलं तेव्हा मॅडमनी पहिल्यांदाच डोळे मोठे केले नाहीत.

अनुजा मात्र भिंतीला चिकटून उभी होती. फोटो जागेवर गेला, सही झाली, पण तिचं काय? नियम तिनं मोडला होता. ती सामानाची पिशवी उचलायला वळली तेवढ्यात तात्यांनी हाक मारली. "ए हौदाच्या पोरी. कुठं निघालीस? आमच्या कागदांची यादी कोण करणार?"

"मी? तुमची?"

"मग? आमच्या पोरांना बसवलं तर हरलेल्या मॅचची कागदं खाली दाबून ठेवतील. तू हौदवाल्याची. आमची एक बी हार सुटायची न्हाय तुझ्याकडनं. आन् जिंकलेलं गाळलंस, तर मी हाय की तपासायला." ते मॅडमकडे वळले. "चालंल नव्हं?"

मॅडमनी अनुजाकडे जरा वेळ बघितलं. "आता काही काढायचं झालं तर आधी कुठून काढलं ते लिहायचं. मग हात लावायचा. पेन्सिल घे."

"माझी नात कमानवाल्यांची कागदं लावणार?" आबा म्हणाले.

"लावतो की," अनुजा म्हणाली आणि पेन्सिल घेऊन बसलीसुद्धा. तिनं लिहिलं, 'हौदाच्या तालमीचा संघ, सन १९६२. फोटो. खेळाडूंवर आकडे. सोबत डावपेचांचा कागद.'

"विजेता संघ लिही, अनू," आबा म्हणाले.

"कोण विजेता?" तात्या उसळले. "त्या सालची आपली मॅच पुरी कुठं झाली? पब्लिक ग्राउंडात शिरलं!"

"शिरलं तवा आम्ही पुढं हुतो!"

"ऑफसाइड हुता त्यो गोल!"

"मॅडम, काय लिहू?" अनुजानं विचारलं.

"कागदावर काही आहे?"

तिनं कागद उलटून पालटून बघितला. "न्हाय."

"मग नाही लिहायचं."

दोघेही म्हातारे भांडत भांडत दाराबाहेर गेले. पायऱ्यांवर आवाज, मग आवारात आवाज. कुठल्यातरी मोरानं त्यांच्यात आपलाही सूर मिसळला. "चहा पाज, मग सांगतो ऑफसाइड कसा!" हे तात्यांचं वाक्य खिडकीतून आत आलं. अनुजानं फोटो त्या कागदावर सरळ ठेवला, गंजाच्या खुणा जुळल्यात ना हे वाकून पाहिलं, आणि गठ्ठ्यातला पुढचा कागद दोन्ही हातांनी उचलला.